इंग्रजीतला 'जस्ट': अर्थ, जागा आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जस्ट' म्हणजे नेमकं काय? शब्दकोशात तर पाच-सहा अर्थ दिसतात.

पाच-सहा अर्थ आहेत हे खरं, पण ते एकमेकांना अनोळखी नाहीत. 'जस्ट' हा काठाचा शब्द आहे. एखादी रेघ डोळ्यासमोर आणा. त्या रेघेवर तंतोतंत असणं म्हणजे 'अगदी, नेमकं'. रेघेच्या पुढे न जाणं म्हणजे 'फक्त, नुसतं'. रेघेला कसंबसं टेकणं म्हणजे 'जेमतेम'. आणि रेघ काळाची असेल, तर तिच्या अलीकडच्या काठावर घडलेलं ते 'आत्ताच, नुकतंच'.

मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे, म्हणून आपल्याला गोंधळ वाटतो. शिवाय 'जरा' (जरा थांब), 'सहज' (सहज आले होते) आणि शब्दाला चिकटणारा 'च' ही तिन्ही कामं इंग्रजीत पुष्कळदा 'जस्ट'च करतो. तेव्हा 'जस्ट म्हणजे फक्त' असं एकाला एक पाठ करू नका. वाक्यात तो कोणत्या शब्दाला चिकटला आहे ते आधी पाहा, अर्थ त्यावरून उलगडतो.

'जस्टिस'मधला 'जस्ट' आणि हा 'जस्ट' एकच का?

मूळ एकच. लॅटिन 'युस्तुस', म्हणजे न्यायाला धरून असलेला, हा शब्द फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. न्याय्य म्हणजे योग्य, योग्य म्हणजे मापात बसणारं, मापात बसणारं म्हणजे तंतोतंत, अशा पायऱ्यांनी विशेषणाचं क्रियाविशेषण झालं. 'नेमकं' हा त्याचा जुना अर्थ. 'फक्त' आणि 'आत्ताच' हे अर्थ पुढे, सतराव्या शतकाच्या सुमारास रुळले.

विशेषण आजही वापरात आहे. 'अ जस्ट डिसिजन' म्हणजे न्याय्य निर्णय. त्यापासून झालेलं क्रियाविशेषण 'जस्टली' म्हणजे न्यायानं, योग्य कारणानं. 'नुकतंच' म्हणायचं असताना 'जस्टली' लिहिणं ही सरळ चूक आहे. ओळखायची खूण अशी की पुढे नाम असेल आणि 'जस्ट'च्या आधी 'अ' किंवा 'द' असेल, तर बहुधा ते विशेषण असतं. 'अ जस्ट किंग' म्हणजे न्यायी राजा. 'जस्ट अ किंग' म्हणजे नुसता राजा.

उच्चार कसा करायचा?

सुरुवातीचा 'ज' हा 'जन्म'मधला, 'जमीन'मधला नव्हे. हा फरक मराठी माणसाला सांगावा लागतो, कारण आपल्याकडे दोन्ही 'ज' एकाच अक्षरानं लिहितात. स्वर आपल्या 'अ'सारखाच, त्यात अडचण नाही.

शेवटच्या 'ट'ची गोष्ट वेगळी. पुढचा शब्द व्यंजनानं सुरू होत असेल तर भरभर बोलताना 'ट' गळतो. 'जस्ट नाऊ' हे 'जस्नाऊ' असं ऐकू येतं, 'जस्ट लाइक' हे 'जस्लाइक'. पुढे स्वर असेल तर 'ट' टिकतो आणि त्या स्वराला जोडला जातो, जसं 'जस्ट अ मिनिट'मध्ये. वाक्यात जोर नसताना मधला 'अ'सुद्धा आखूड होतो, कधी 'जिस्ट' असाही भास होतो. तुम्ही बोलताना 'ट' गाळलाच पाहिजे असं नाही. पण ऐकताना ही गळती माहीत नसेल, तर शब्दच हातातून निसटतो.

वाक्यात 'जस्ट' कुठे ठेवायचा?

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून सविस्तर.

क्रियापद एकच असेल तर त्याच्या आधी: 'आय जस्ट कॉल्ड हर.' 'इज, ॲम, आर, वॉज, वेअर' हे मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या नंतर: 'ही इज जस्ट अ चाइल्ड', तो अजून लहानच आहे. सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकाच्या नंतर: 'द बस हॅज जस्ट लेफ्ट.' सहायकं दोन असली तरी नियम तोच: 'शी हॅज जस्ट बीन टोल्ड', तिला आत्ताच सांगितलंय. प्रश्नात कर्त्याच्या नंतर: 'डिड यू जस्ट से समथिंग?' आज्ञार्थात अगदी सुरुवातीला: 'जस्ट वेट हियर.'

एखाद्या आकड्यावर, नामावर किंवा वेळेवर बोट ठेवायचं असेल तर 'जस्ट' त्याच्या लगेच आधी येतो: 'जस्ट टू मिनिट्स', 'जस्ट आफ्टर द मीटिंग'.

वाक्याच्या शेवटी मात्र कधीच नाही. 'मी आलो आत्ताच' हा मराठीतला सुटा क्रम इंग्रजीत नेला की 'आय केम जस्ट' असं अर्धवट वाक्य तयार होतं. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. शेवटी ठेवायचंच असेल तर 'जस्ट नाऊ' ही जोडी ठेवा.

कर्त्याच्या आधीही जपून. 'फक्त तिनं पत्र पाहिलं' याला 'जस्ट शी सॉ द लेटर' हे कानाला खटकतं. तिथे 'ओन्ली शी सॉ द लेटर' म्हणतात.

एकाच वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर?

निघतातच. 'आय जस्ट सॉ टू बर्ड्स' याचा अर्थ 'मी आत्ताच दोन पक्षी पाहिले' असाही होतो आणि 'मला दोनच पक्षी दिसले' असाही. 'ही जस्ट पास्ड द एग्झॅम' म्हणजे तो आत्ताच पास झाला की काठावर पास झाला? 'आय जस्ट टोल्ड हिम' याचे तर तीन अर्थ आहेत: आत्ताच सांगितलं, नुसतं सांगितलं (दुसरं काही केलं नाही), सरळ सांगून टाकलं.

बोलताना आवाजाचा जोर हा घोळ सोडवतो. 'फक्त' या अर्थी जोर पुढच्या शब्दावर पडतो, म्हणजे 'टू'वर, आणि 'जस्ट' हलकाच उच्चारला जातो. लिहिताना तो आधार नसतो. मग एकतर 'जस्ट' सरकवा, किंवा काळ बदला, किंवा दुसरा शब्द घ्या. 'आय सॉ जस्ट टू बर्ड्स' म्हणजे नक्की 'दोनच'. 'आय हॅव जस्ट सीन टू बर्ड्स' म्हणजे बहुतेक वेळा 'आत्ताच'. 'ही ओन्ली जस्ट पास्ड' म्हणजे नक्की काठावर.

लिहून झालं की 'जस्ट' असलेलं प्रत्येक वाक्य मराठीत मनात म्हणून पाहा. 'आत्ताच' आणि 'फक्त' दोन्ही बसत असतील, तर वाक्य दुरुस्त करायला हवं.

'आत्ताच' या अर्थी कोणता काळ वापरायचा?

ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ: 'द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट.' अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळही सर्रास चालतो: 'द ट्रेन जस्ट लेफ्ट.' दोन्ही बरोबर. परीक्षेत किंवा औपचारिक लेखनात पहिलं वळण ठेवा, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

नेहमीची चूक म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ घ्यायचा आणि वर नेमकी गेलेली वेळही सांगायची. 'आय हॅव जस्ट सीन हिम ॲन अवर अगो' चुकीचं. वेळ सांगायचीच असेल तर साधा भूतकाळ घ्या आणि 'जस्ट' वेळेला चिकटवा: 'आय सॉ हिम जस्ट ॲन अवर अगो', तासाभरापूर्वीच पाहिलं. 'जस्ट यस्टरडे'चंही तसंच. 'आय मेट हर जस्ट यस्टरडे' बरोबर, 'हॅव मेट' लावलं की बिघडलं.

गोष्टीतल्या भूतकाळात आणखी एक पाऊल मागे जायला 'हॅड' लागतो: 'द रेन हॅड जस्ट स्टॉप्ड व्हेन वी केम आउट', आम्ही बाहेर आलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता.

चालू काळात 'जस्ट' आला की चित्र बदलतं. 'आय ॲम जस्ट लीव्हिंग' म्हणजे 'निघतोच आहे'. 'आय वॉज जस्ट थिंकिंग ऑफ यू' म्हणजे 'तुझाच विचार करत होते', अगदी त्या घटकेला. इथला 'च' आणि 'जस्ट' एकमेकांवर किती चपखल बसतात ते पाहण्यासारखं आहे.

एक बारीक गोष्ट: असणं, ओळखणं, माहीत असणं अशी स्थिती दाखवणारी क्रियापदं या अर्थाच्या 'जस्ट'बरोबर नीट बसत नाहीत. 'आय हॅव जस्ट नोन हिम' म्हणत नाहीत. घटना सांगा: 'आय हॅव जस्ट मेट हिम.' किंवा मुदत सांगा: 'आय हॅव ओन्ली नोन हिम फॉर अ वीक.'

'जस्ट' म्हणजे किती वेळापूर्वी? आणि 'रीसेंटली' कधी?

घड्याळातली ठरावीक मिनिटं नाहीत, घटनेच्या आकारावर अवलंबून आहे. गाडी 'हॅज जस्ट लेफ्ट' असेल तर मिनिटभर झालं असेल. कुणी 'हॅव जस्ट मूव्ह्ड हाउस' असतील, तर दोन महिनेही झालेले असू शकतात, कारण घर बदलणं ही मोठी घटना आहे आणि सामान अजून खोक्यांत आहे. तो ताजेपणा ओसरला की 'रीसेंटली', म्हणजे अलीकडे. 'रीसेंटली' वाक्याच्या शेवटी चालतो, 'जस्ट' चालत नाही. नकारातही 'रीसेंटली'च बरा. 'अलीकडे ती दिसली नाही' म्हणजे 'आय हॅव नॉट सीन हर रीसेंटली'. 'आय हॅव नॉट जस्ट अराइव्ह्ड' असं म्हटलं तर सूर वेगळाच लागतो: मी काही आत्ता उगवलेलो नाही, केव्हाचा इथे आहे!

'जस्ट नाऊ'चा अर्थ 'आत्ता' की 'मघाशी'?

क्रियापदाचा काळ बघा. 'ही वॉज हियर जस्ट नाऊ' म्हणजे मघाशी, क्षणभरापूर्वी इथे होता. 'आय ॲम बिझी जस्ट नाऊ' म्हणजे या घडीला कामात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत 'जस्ट नाऊ' भविष्याकडे झुकतो, 'थोड्या वेळानं, जमेल तेव्हा' असा. तिथल्या माणसानं 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हटलं तर लगेच होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

'आत्ता येतो' सांगायला बाकी ठिकाणी 'इन अ मिनिट' किंवा 'राइट अवे' वापरा. आणि 'आय हॅव कम जस्ट नाऊ'ऐवजी 'आय हॅव जस्ट कम' किंवा 'आय केम जस्ट नाऊ' लिहा.

'जस्ट' आणि 'ओन्ली' एकच ना?

'फक्त' या अर्थी बहुतेक वेळा अदलाबदल चालते. 'जस्ट टू' आणि 'ओन्ली टू', दोन्ही 'दोनच'. 'जस्ट' बोलीत सहज येतो. नियम, सूचना, करार यांत 'ओन्ली' लिहितात.

पण तीन ठिकाणी अदलाबदल होत नाही. 'एकमेव' या अर्थाचं विशेषण 'ओन्ली'च: 'द ओन्ली सन'. पाटीवर नामानंतर 'ओन्ली'च: 'स्टाफ ओन्ली'. आणि वाक्याच्या आरंभी 'ओन्ली देन' आलं की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं: 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड', तेव्हा कुठे मला कळलं. 'जस्ट देन'ला असली उलथापालथ लागत नाही: 'जस्ट देन द लाइट्स वेंट आउट', तेवढ्यात दिवे गेले. दोघांचा अर्थही किती वेगळा आहे, 'तेव्हा कुठे' आणि 'तेवढ्यात'!

वेळ सांगतानाही सावध राहा. 'इट्स जस्ट फाइव्ह' म्हणजे 'बरोबर पाच' की 'पाचच वाजलेत'? 'पाचच'साठी 'इट्स ओन्ली फाइव्ह' निःसंदिग्ध आहे. ठोका पडल्याबरोबर असेल तर 'एग्झॅक्टली फाइव्ह', पाच वाजून नुकतेच गेले असतील तर 'जस्ट आफ्टर फाइव्ह'.

मराठीतल्या 'च'साठी 'ओन्ली' लावला तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं, कारण 'च' दोन कामं करतो. पहिलं काम कुंपण घालण्याचं: 'दोनच', म्हणजे जास्त नाहीत. दुसरं बोट दाखवण्याचं: 'मी तेच म्हणत होतो', 'मी इथेच राहते'. दुसऱ्या कामात 'फक्त'चा वाससुद्धा नाही. 'ओन्ली' कुंपण घालतो, बोट दाखवत नाही. म्हणून 'आय लिव्ह हियर ओन्ली' ऐकून परक्या माणसाला वाटतं, की हिला दुसरं कुठे राहायची मुभा नाही की काय.

'जस्ट' मात्र दोन्ही कामं जाणतो. 'मी तेच म्हणत होतो' याला 'दॅट्स जस्ट व्हॉट आय वॉज सेइंग'. 'हेच हवं होतं' याला 'धिस इज जस्ट व्हॉट आय नीडेड'. 'कालच' म्हणजे 'जस्ट यस्टरडे'. तरी प्रत्येक 'च'ला 'जस्ट' लावून भागत नाही. जागेला 'राइट' लागतो: 'राइट हियर', इथेच. 'त्याच दिवशी'ला 'द व्हेरी सेम डे'. 'तूच केलंस' याला वाक्याची बांधणीच बदलावी लागते: 'इट वॉज यू हू डिड इट.' आणि कितीतरी ठिकाणी 'च' नुसता आवाजाच्या जोरानं दाखवतात, त्याला शब्द नसतो.

लिहिण्याआधी विचारा: हा 'च' काढून 'फक्त' घातलं तर अर्थ तोच राहतो का? राहत असेल तर 'ओन्ली' किंवा 'जस्ट'. नसेल तर 'ओन्ली'ला हात लावू नका.

'जस्ट डोन्ट' आणि 'डोन्ट जस्ट' यांत खरंच फरक आहे?

जमीन-अस्मानाचा. 'आय जस्ट डोन्ट लाइक इट' म्हणजे मला ते आवडतच नाही. 'आय डोन्ट जस्ट लाइक इट, आय लव्ह इट' म्हणजे नुसतं आवडत नाही, जीव जडलाय. शब्द तेच, क्रम बदलला आणि नकाराचा होकार झाला.

कारण सोपं आहे. नकार ज्याच्या आधी येतो त्याला गिळतो. 'नॉट' आधी असेल तर तो 'जस्ट'लाच नाकारतो: 'नुसतं तेवढं नाही'. 'जस्ट' आधी असेल तर तो नकारालाच बळ देतो: 'अजिबात नाही'. 'यू कान्ट जस्ट लीव्ह' म्हणजे असं सहज उठून जाता येत नाही, काहीतरी सांगावं तरी लागेल. 'यू जस्ट कान्ट लीव्ह' म्हणजे जाणं शक्यच नाही.

'नॉट जस्ट … बट ऑल्सो' या जोडीत दोन्ही बाजूंना सारख्या जातीचे शब्द ठेवा. 'शी राइट्स नॉट जस्ट साँग्ज बट ऑल्सो प्लेज', दोन्हीकडे नामं, ठीक. 'शी नॉट जस्ट राइट्स साँग्ज' हे लंगडतं. त्यापेक्षा 'शी डझन्ट जस्ट राइट साँग्ज. शी ऑल्सो राइट्स प्लेज' असं सुटं करणं चांगलं. वाक्य नकारानंच सुरू करून क्रियापद पुढे ओढायचं असेल तर 'नॉट ओन्ली' घ्या, तिथे 'नॉट जस्ट' सहसा वापरत नाहीत.

'जेमतेम' आणि 'थोडक्यात हुकलं' कसं म्हणायचं?

'वी ओन्ली जस्ट कॉट द ट्रेन', गाडी जेमतेम मिळाली. 'वी जस्ट मिस्ड द ट्रेन', गाडी थोडक्यात हुकली. काठाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीला 'जस्ट'.

'ओन्ली जस्ट' या जोडीचा क्रम पक्का आहे. 'जस्ट ओन्ली' म्हणू नका. काळासाठी हीच जोडी 'आत्ता कुठे' असा अर्थ देते: 'आय हॅव ओन्ली जस्ट स्टार्टेड', आत्ता कुठे सुरुवात केली आहे.

'कॅन'बरोबर: 'आय कॅन जस्ट सी द टॉप ऑफ द हिल', टेकडीचं टोक जेमतेम दिसतंय. इथे 'हार्डली' घातला तर पारडं नकाराकडे कलतं, 'जवळजवळ दिसतच नाही'. 'जस्ट'मध्ये दिसण्याची बाजू जिंकते. पण 'आय कॅन जस्ट इमॅजिन' याचा अर्थ 'जेमतेम कल्पना करता येते' असा नाही. उलट, 'अगदी डोळ्यासमोर उभं राहतं'.

मापांना 'जस्ट ओव्हर' (किंचित जास्त), 'जस्ट अंडर' (किंचित कमी), 'जस्ट शॉर्ट ऑफ' (थोडंसं अपुरं), 'जस्ट इनफ' (पुरेल इतकंच). 'जस्ट अंडर फिफ्टी' म्हणजे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास, चाळीस नव्हे.

'जस्ट अबाउट' कधी?

'जवळपास' या अर्थी: 'द वर्क इज जस्ट अबाउट डन', काम होतच आलंय. पुढे 'टू' आणि क्रियापद आलं तर अर्थ वेगळा: 'आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू', मी तुला फोन करणारच होते. या दुसऱ्या बांधणीत वेळ सांगत नाहीत. 'जस्ट अबाउट टू लीव्ह टुमॉरो' चुकीचं, कारण क्रिया उंबरठ्यावर असते, उद्यावर नाही.

'जस्ट ॲज'चे इतके प्रकार का?

तुलनेत 'तितकाच': 'शी इज जस्ट ॲज टॉल ॲज हर ब्रदर.' नकारात मात्र 'नॉट क्वाइट ॲज टॉल' म्हणतात, 'नॉट जस्ट ॲज' नाही.

दोन घटनांची एकच गाठ पडली तर: 'जस्ट ॲज आय ओपन्ड द डोअर, द फोन रँग', मी दार उघडायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली.

'इट्स जस्ट ॲज वेल' म्हणजे 'बरंच झालं': 'इट्स जस्ट ॲज वेल यू कॉल्ड.' यातला 'ॲज वेल' हा 'सुद्धा' नव्हे. 'वी माइट जस्ट ॲज वेल वॉक' म्हणजे त्यापेक्षा चालत गेलेलं काय वाईट. सारखेपणा सांगताना पुढे नाम असेल तर 'जस्ट लाइक हर मदर', पूर्ण वाक्य असेल तर 'जस्ट ॲज शी सेड'.

'जस्ट ब्यूटिफुल' म्हणजे 'फक्त सुंदर'?

नाही, 'अगदी सुंदर, केवळ अप्रतिम'. गंमत म्हणजे आपला 'केवळ'ही असाच दोन्हीकडे चालतो. टोकाच्या विशेषणांना, म्हणजे 'अमेझिंग', 'टेरिबल', 'परफेक्ट' अशांना 'जस्ट' बळ देतो. मध्यम विशेषणांना तो खाली ओढतो: 'जस्ट ओके', 'जस्ट ॲव्हरेज', म्हणजे बेताचंच. कुणाच्या कामाचं कौतुक करायचं असेल तर 'जस्ट गुड' म्हणू नका. ते 'ठीक आहे, बस' असं ऐकू येतं.

विनंतीत 'जस्ट' घातला की ती नम्र होते का?

छोट्या कामाची विनंती असेल तर होते. 'कुड यू जस्ट साइन हियर?' म्हणजे जरा इथे सही करता का, क्षणाचं काम आहे. 'कॅन आय जस्ट आस्क समथिंग?' हेही 'जरा'च.

काम मोठं असेल तर तोच शब्द बोचतो. 'कुड यू जस्ट रीराइट द रिपोर्ट?' यात समोरच्याच्या कष्टाला तुम्ही किरकोळ ठरवता. आज्ञार्थात सूर फार महत्त्वाचा: 'जस्ट सिट डाउन' हळू आवाजात आधार देतो, चढ्या आवाजात वैताग दाखवतो. लेखी संदेशात आवाज नसतो, म्हणून तिथे आज्ञार्थी 'जस्ट' शक्यतो टाळाच.

पत्राच्या सुरुवातीचा 'आय जस्ट वॉन्टेड टू चेक' आठवण करून देताना शोभतो. हक्काची गोष्ट मागताना, मुदत सांगताना किंवा चूक दाखवताना तो काढून टाका. एका पत्रात तीन-चार 'जस्ट' झाले, की लिहिणारा प्रत्येक वाक्याची माफी मागतोय असं वाटू लागतं.

'जस्ट इन केस' आणि 'इफ' यांत काय फरक?

'इफ'मध्ये आधी गोष्ट घडते, मग आपण काही करतो. 'इन केस'मध्ये आपण आधीच तयारी करून ठेवतो. 'टेक ॲन अंब्रेला जस्ट इन केस इट रेन्स' म्हणजे छत्री असू दे, न जाणो पाऊस आलाच तर. छत्री आत्ताच घ्यायची आहे. 'ओपन द अंब्रेला इफ इट रेन्स' म्हणजे पाऊस आल्यावर उघडायची. 'इन केस'नंतर साधा वर्तमानकाळ: 'इट विल रेन' नको. नुसतं 'जस्ट इन केस' म्हणून वाक्य थांबवलं तरी चालतं, 'असू दे बरोबर'.

'नॉट जस्ट एनीवन' म्हणजे?

कुणीही सोम्यागोम्या नव्हे. 'वी कान्ट गिव्ह द की टू जस्ट एनीवन', किल्ली कुणाच्याही हाती देता येणार नाही. इथून 'जस्ट' काढला तर 'कुणालाच देता येणार नाही' असा अर्थ होतो, म्हणून तो गाळू नका.

'माइट जस्ट', 'इट्स जस्ट दॅट', 'जस्ट द सेम', 'नॉट जस्ट येट'?

'इट माइट जस्ट वर्क': जमलं तर जमेलही, आशा थोडी पण आहे. 'इट्स जस्ट दॅट आय ॲम टायर्ड': तसं काही नाही, एवढंच की दमलोय. 'जस्ट द सेम' एकतर 'अगदी तसंच', किंवा वाक्याच्या टोकाशी 'तरीसुद्धा'. 'नॉट जस्ट येट': एवढ्यात नको.

मराठी बोलताना 'जस्ट' वापरला तर?

शब्द आपल्या बोलण्यात रुळला आहे, त्यात वावगं काही नाही. पण 'जस्ट आत्ताच आले'मध्ये एकच गोष्ट दोनदा होते. 'आत्ताच' पुरेसं आहे. आणि 'जस्ट'च्या एका पिशवीत आपण नुकतंच, नुसतं, जेमतेम, सहज, जरा हे पाच वेगळे रंग कोंबतो. 'जस्ट बघायला आलो'पेक्षा 'सहज बघायला आलो'मध्ये येणाऱ्याचा मोकळेपणा आहे, 'नुसतं बघायला आलो'मध्ये घेणार काही नाही हे आहे. हे वेगळेपण मराठीत जिवंत राहिलं, तर इंग्रजीतल्या 'जस्ट'चा अर्थ लावणंही सोपं जातं, कारण निवडायला शब्द हाताशी असतात.

सराव कसा करायचा?

मराठी वाक्य घ्या, त्यातला 'जस्ट'चा भाग ओळखा, मग इंग्रजी वाक्यात त्याची जागा ठरवा. ही काही वाक्यं, उत्तरं झाकून करून पाहा.

पाहुणे नुकतेच गेले. – 'द गेस्ट्स हॅव जस्ट लेफ्ट.'

पाहुणे निघतच आहेत. – 'द गेस्ट्स आर जस्ट लीव्हिंग.'

तो नुसता हसला. – 'ही जस्ट स्माइल्ड.'

दोरी जेमतेम पुरली. – 'द रोप वॉज ओन्ली जस्ट लाँग इनफ.'

मी निघणार तेवढ्यात पाऊस आला. – 'आय वॉज जस्ट अबाउट टू लीव्ह व्हेन इट स्टार्टेड रेनिंग.'

मला कळतच नाही. – 'आय जस्ट डोन्ट अंडरस्टँड.'

तिनं पत्र नुसतं वाचलं नाही, पाठ केलं. – 'शी डिडन्ट जस्ट रीड द लेटर. शी लर्न्ट इट बाय हार्ट.'

सहज विचारलं. – 'आय वॉज जस्ट आस्किंग.'

शेवटून दुसऱ्या वाक्यात 'जस्ट डिडन्ट रीड' लिहिलं असेल, तर तिनं पत्र वाचलंच नाही असा अर्थ झाला. नकाराचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा आणि त्याच घाटाची आणखी चार वाक्यं स्वतः रचून बघा.